दांडा कोणी ओढला

उबवणीच्या खोलीतली घरघर थांबली, हे घरात सगळ्यांच्या आधी मोठ्या बाईंना कळलं. बाईंना ऐकू कमी येतं असं सगळे धरून चालत, आणि बाईही त्यांना तसं धरू देत. बहिऱ्यासमोर माणसं खरं बोलतात. पण त्या खोलीचा आवाज जरा बदलला की बाईंचा हातातला कप बशीवर यायचा. आज पंखा चालू होता, नव्हती ती मोटर. दर तासाला घर्र करून ती अंड्यांची ट्रॉली एका अंगावरून दुसऱ्या अंगावर कलवायची, कूस बदलल्यासारखी. ती तासाची घरघर आलीच नाही.

"अगं इंजिनीअरबाई," बाईंनी बसल्या जागेवरून हाक मारली, "तुझं मशीन झोपलंय की गेलंय?"

सून खोलीबाहेरच्या भिंतीवरच्या डब्याशी उभी होती. त्या डब्यात पत्त्यांच्या जोडाएवढा एक हिरवा बोर्ड होता. एवढासाच, पण आख्खा कॉम्प्युटर. ट्रॉली फिरवणं, दमटपणा मोजणं, काही बिनसलं तर फोनवर ओरडणं, सगळं तोच करायचा.

"अपडेट टाकत होते, आई. मध्येच अडकलं."

"चालत्या गाडीचं चाक बदलायला तुला कोणी सांगितलं होतं?"

"सेन्सर अधूनमधून गप्प व्हायचा. त्याचाच इलाज होता या अपडेटमध्ये."

"झाला की मग इलाज. आता सगळंच गप्प."

सून परत डब्यात डोकं घालून वायरी चाचपायला लागली. हीच तिची खोड बाईंना सहन व्हायची नाही. भांडणाला समोरचा माणूस नको का?

एक बरं होतं. ऊब त्या बोर्डवर नव्हती. ती जुन्या थर्मोस्टॅटवर होती, बाईंच्या नवऱ्याने बसवलेल्या. बंद पडलं होतं ते फक्त फिरवणं. पण फिरवणं म्हणजे काही लहान गोष्ट नव्हे. अंडं एकाच कुशीवर पडून राहिलं की आतला जीव कवचाला चिकटतो, आणि चिकटला की संपला. आणि ही अंडी वाया घालवण्यातली नव्हती.

बाईंचा नवरा जन्मभर कोंबड्यांच्या मागे होता. लोक पोरापोरींची स्थळं बघतात, हा माणूस कोंबड्यांची बघायचा. कुठला कोंबडा कुठल्या कोंबडीला शोभेल यावर जेवण टाकून बसायचा. असं करत करत त्याने एक ठिपकेवाली जात उभी केली. चिवट, अंड्याला भरवशाची, उन्हातान्हात न मरणारी. न मरणारी असं तो म्हणायचा. तो गेला, आणि या उन्हाळ्यात अशी झळ आली की एका दुपारी शेडमधल्या झाडून सगळ्या ठिपकेवाल्या माना टाकून पडल्या. त्यांनी त्याआधी दिलेली अंडी तेवढी राहिली. त्या जातीचं जगात जे काही उरलं होतं ते आता या एका ट्रॉलीवर होतं.

"मोटर ट्रॉलीला जोडणारा खटका काढ," बाई उठत म्हणाल्या. "दांड्याने फिरवू. मशीन नव्हतं तेव्हा काय अंडी आपापली फिरत होती?"

ट्रॉलीच्या बाजूला हातभर लांबीचा लोखंडी दांडा होता. तो दाराकडे ओढला की सगळे ट्रे दाराकडे कलायचे, भिंतीकडे ढकलला की भिंतीकडे. हाताने फिरवायचं तर दिवसातून पाच वेळा. विषमच हवं, म्हणजे रात्रभर अंडं ज्या कुशीवर राहिलं त्याच कुशीवर दुसऱ्या रात्री राहत नाही. आणि खोलीत शिरल्यावर बोलायचं नाही. हा नवऱ्याचा नियम. "त्यांना ऐकू येतं," असं तो अंड्यांकडे बोट दाखवून म्हणायचा. लग्न झाल्यापासून दोघांनी त्या अंधाऱ्या खोलीत एकमेकांशी चकार शब्द काढला नव्हता. सगळी भांडणं उंबऱ्याबाहेर उरकून आत शिरायचं, आणि बाहेर आल्यावर राहिलेलं भांडायचं.

बाईंनी दांडा दाराकडे ओढला. खांद्यातून कळ गेली. बाहेर आल्या तेव्हा सुनेने बोर्डची पाठ उघडली होती.

"लाल दिवा लागतोय," ती स्वतःशीच बोलावं तसं बोलली. "म्हणजे वीज पोचतेय. हिरवा लागायला हवा, तो लागत नाही."

"म्हणजे काय, ते सांग."

"म्हणजे श्वास आहे, शुद्ध नाही."

हे बाईंना पटलं. पण पटलं असं दाखवलं तर सुना डोक्यावर बसतात. "मग मार तोंडावर पाणी," असं म्हणून त्या निघून गेल्या.

सुनेने मेमरी कार्ड काढून पुसून परत घातलं. दुसरं कार्ड घातलं. सेन्सरच्या वायरी एकेक करून सोडवल्या, न जाणो त्यातलीच एखादी बोर्डला दाबून धरत असेल. टीव्ही जोडून पाहिला, पडदा काळाच्या काळा. मग तिने चार्जर किती वीज देतो ते मोजलं आणि कपाळाला हात लावला. मूळचा चार्जर तिच्या नवऱ्याने गाडीत नेला होता आणि त्याच्या जागी कुठला तरी मोबाइलचा अडकवला होता. अपडेट चालू असताना दमटपणाचं यंत्र सुरू झालं, मरतुकड्या चार्जरने मान टाकली, आणि बोर्डवरच्या ज्या चिमुकल्या चिपमध्ये "जागं कसं व्हायचं" हे लिहिलेलं असतं, ती चिपच अर्धी लिहून राहिली.

"तुझ्या नवऱ्याचा प्रताप तर," बाई म्हणाल्या.

"तुमच्या मुलाचा, आई."

बाईंना हसू आलं. ते त्यांनी पदराआड ठेवलं.

चहा झाल्यावर सहज म्हणून त्या खोलीत डोकावल्या. दांडा भिंतीकडे होता.

"दोनदा कशाला फिरवलंस?" बाहेर येऊन त्यांनी सुनेला धारेवर धरलं. "मी फिरवला, मागोमाग तू फिरवला. अंडी जिथल्या तिथं. शिकलेल्या माणसाला एवढा हिशेब येऊ नये?"

"मी आत गेलेच नाही."

"मग भिंत आली का चालत?"

सुनेने डब्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "बोर्ड असेल. अर्धवट धुगधुगी आहे त्यात. जागा व्हायला बघतो, तेवढ्यात मोटर चालू-बंद करणाऱ्या रिलेला झटका बसतो. मोटर हलली असेल."

"खटका काढलाय ना?"

"नीट निघाला नसेल."

तिने लगोलग बोर्डच डब्यातून सोडवला आणि स्वयंपाकघराच्या टेबलावर आणून ठेवला. मोटरची वायरही उपटली. टेबलावर तो बोर्ड असा पडला होता की बाईंना वाटलं, एवढ्याशा चतकोरावर आपण घर सोपवून बसलो होतो.

ट्रे धुणाऱ्या माणसाला सगळे 'जावई' म्हणत, कारण कामाच्या वेळी तो पाहुण्यासारखा बसायचा. त्या दुपारी जावई धावत आला. त्याला धावताना या घरात कोणी पाहिलं नव्हतं.

"मोठ्या बाई, ट्रॉली हलली!"

"तू हललास हेच नवल आहे. काय झालं?"

"मी दाराबाहेर फरशी पुसत होतो. आत कोण नाही. दार उघडं. माझ्या डोळ्यांसमोर सगळे ट्रे असे... असे कलले. सावकाश. कोणीतरी जपून ओढावं तसे."

"ऊन लागलंय तुला. पाणी पी."

सून टेबलाशी बसली होती. समोर बोर्ड. ती बोर्डकडे बघत राहिली, मग बाईंकडे. बाई एकट्याच उठून गेल्या.

खोलीत नेहमीचा उबट अंधार होता, पिसांचा आणि ओलसर लाकडाचा वास. दांडा दाराकडे होता. बाईंनी हात लावला आणि हात तिथेच राहिला. दांडा पुरता बसला नव्हता. खाचेपासून एक बोट अलीकडे राहिला होता.

नवऱ्याचा उजवा खांदा ऐन उमेदीत निखळला होता. तेव्हापासून दांडा शेवटपर्यंत ओढायला त्याचा हात पोचायचा नाही. एक बोट राहायचंच. बाई मागून यायच्या, तळहाताने दांडा खाचेत ठोकायच्या आणि बाहेर जाऊन म्हणायच्या, "तुमचं कुठलं काम पुरं झालंय आजवर?"

बाईंनी दांडा ठोकला नाही. तसाच ठेवला. अंगावर काटा आला होता, पण भीतीचा नव्हता. माहेरी गेल्यावर उंबऱ्यावर येतो तसला.

बाहेर येऊन त्या सुनेला म्हणाल्या, "फिरवायचं मी बघते. तू आत यायचं नाहीस. तू तुझ्या त्या चतकोराला शुद्धीवर आण."

मग बाईंनी दाराशी स्टूल टाकलं आणि बसल्या. काही केलं नाही, नुसत्या ऐकत बसल्या. वेळ झाली की आत सावकाश कर्रर्र व्हायचं. एका बोटाने अपुरं. बाई मान हलवायच्या. सकाळी तसंच, दुपारी तसंच. जावई लांबून जायचा, भिंतीला पाठ घासत. बाईंनी त्या दोन दिवसांत कोणालाच बोल लावला नाही, आणि सगळ्यांना काळजी वाटायला लागली.

इकडे टेबलावर सुनेची झटापट चालली होती. बोर्डला जागं करायची एक सुटका-फाईल मिळते, ती कोऱ्या कार्डावर चढवून कार्ड बोर्डला द्यायचं, बाकीचं तो आपला आपण शिकून घेतो. नेट मुंगीच्या पावलांनी चाललेलं. फाईल उतरली, कार्ड भरलं, बोर्डला दिलं. लाल दिवा. हिरवा नाहीच. पुन्हा केलं, पुन्हा नाही. शेवटी तिने बोर्डवरची बारीक अक्षरं भिंग लावून वाचली. फाईल याच बोर्डच्या थोरल्या भावाची होती.

"भावाचं औषध याला पाजत होते," ती म्हणाली.

"मेला नाही ना?"

"नाही. चिवट आहे."

आणि त्याच दुपारी अंडी दिव्यावर धरायची वेळ आली. अंधारात एकेक अंडं दिव्याच्या पेटीच्या भोकावर ठेवायचं, आतला जीव लाल कोळ्यासारखा दिसतो, चारी बाजूंना तंतू पसरलेला. कवच हलवलं की तो तरंगला पाहिजे. ही दोघींची बाहेरच्या खोलीतली बैठक, इथे बोलायला बंदी नव्हती.

पहिलं अंडं तरंगलं. दुसरं तरंगलं, पण आळसावून. तिसऱ्यात कोळी एका बाजूला टेकून होता. बाईंनी अंडं हळूच फिरवलं. कोळी सुटला, पण ओढल्यासारखा. चौथं तसंच. पाचवं सुटलंच नाही.

"एका कुशीवर राहिलीत," सून म्हणाली. "आई, कशी राहतील? मी तर प्रत्येक वेळी फिरवत होते."

बाईंनी दिव्यावरून मान वर केली. "तू?"

"तुम्ही स्टुलावर नुसत्याच बसलेल्या दिसायचात. मला वाटलं, खांदा दुखत असेल, सांगवत नसेल तुम्हाला. तुम्ही जेवायला उठलात, तोंड धुवायला गेलात की मी आत जाऊन फिरवून यायचे. बोलायचं कसं? तुम्हीच तर सांगितलंत, आत यायचं नाही."

"म्हणजे फिरवलेलं तू परत फिरवत होतीस!"

"पण तुम्ही फिरवत नव्हतातच ना!"

"नव्हते."

"मग फिरवलेलं कोणी?"

दिव्याच्या भोकातून एक प्रकाशाची काडी छतावर पडली होती. बाई तिकडे बघत राहिल्या. खोटं बोलणं त्यांना अवघड नव्हतं, पण अंडं हातात घेऊन त्या कधी खोटं बोलल्या नव्हत्या.

"तुझे सासरे," त्या म्हणाल्या.

सून हसली नाही. "दांडा थोडा अलीकडे असायचा," ती हळू म्हणाली. "मला वाटायचं, तुमचा हात पोचत नाही."

"त्यांचा पोचत नाही."

बाईंनी हातातलं अंडं ट्रेमध्ये ठेवलं. मग सून उठली. "मी फिरवायचं थांबवते. मशीन सुरू होईपर्यंत बाबांनाच फिरवू दे. उरलेली वाचतील."

'बाबा' म्हणाली. तिने त्याला कधी पाहिलंही नव्हतं. ती घरात आली ती त्याच्यामागे. भिंतीवरच्या फोटोला नमस्कार करून सून झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी योग्य धाकट्या भावाची फाईल कार्डावर चढली. सुनेने कार्ड घातलं, धडका चार्जर लावला आणि हात मांडीवर ठेवून बसली. लाल दिवा. मग हिरवा एकदा लुकलुकला, थांबला, आणि मग भराभर, एकसारखा, थांबेचना.

"आला शुद्धीवर," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "हा असा लुकलुकला की काम झालं म्हणायचं."

तिने जुनं कार्ड परत घातलं, बोर्ड डब्यात बसवला, मोटरची वायर जोडली, खटका अडकवला. तास भरला. घर्र झालं, आणि ट्रॉली भिंतीकडे कलली. बाई दारात होत्या, सून त्यांच्या खांद्यामागे. जावईसुद्धा आला होता, पण पाठमोरा.

मोटर थांबली. आणि मग, कोणी हात न लावता, दांडा सावकाश उलटा यायला लागला. मोटर दातांनी धरून होती, ती किंचाळली. ट्रे थरथरले. दांडा आला. दाराकडे. एक बोट कमी.

जावई गेला, तो त्या दिवशी परत आला नाही.

"असं चाललं तर गिअर तुटेल," सून म्हणाली. "आणि अंडी..."

पुढचं बोलायची गरज नव्हती. बोर्ड बंद ठेवून सगळं नवऱ्यावर सोडावं, हे बाईंच्या मनात आलं. आलं म्हणजे काय, दोन दिवस तेच मनात होतं. पण जो माणूस जिवंतपणी ताप आला म्हणून आठवडाभर झोपला, तो मेल्यावर तरी रोज येईलच याचा काय नेम? एक दिवस नाही आला तर? त्याच्या भरवशावर त्याचीच जात बुडवायची?

"तू बाहेर थांब," बाई सुनेला म्हणाल्या आणि आत गेल्या. दार ओढून घेतलं. ते दार नीट लागत नाही, फट राहते, हे त्यांना ठाऊक होतं.

"अहो," बाई म्हणाल्या.

त्या खोलीत पहिल्यांदाच माणसाचा आवाज झाला होता. त्यांचा त्यांनाच परका वाटला.

"बोलायचं नाही हा तुमचा नियम. जन्मभर पाळला, आज मोडते. हाक मारून तुम्ही कधी वेळेवर आला नाहीत, आणि आता न बोलावता येताय. मशीन फिरवतं, तुम्ही परत फिरवता. अंडी चिकटायला लागलीत. एका गाडीला दोन तोंडांनी बैल जुंपले तर काय होतं ते मी तुम्हाला शिकवू?"

पंखा चालला होता. बाकी काही नाही.

"तुमच्या पोटात काय दुखतंय ते मला कळतं. ही कोण, हिच्या हातात आपली जात का द्यायची. तुम्ही तिला पाहिलं नाहीत. मी पाहतेय. अंडं धरते ते तळहातावर, बोटांनी आवळत नाही. तुम्ही धरायचात तसं. चुकलं तर दडवत नाही, तोंडावर सांगते. तीन दिवस त्या चतकोराशी झुंजली, एकदाही रडगाणं गायली नाही. मी घालूनपाडून बोलले, ऐकून घेतलं, आणि वर माझाच खांदा दुखत असेल म्हणून चोरून माझं काम करत होती. अशी आपल्या पोटची तरी निपजली का? हे मी तिला कधी म्हटलं नाही. म्हणणारही नाही. पण तुम्हाला सांगते, तिच्या हातात दिलंय ते बुडणार नाही."

दाराच्या फटीतला उजेड जरासा हलला. बाईंनी तिकडे पाहिलं नाही.

"आता या तुम्ही," त्या म्हणाल्या. मग जीभ अडली. 'या' म्हणजे परत येणं. आयुष्यभर तो घराबाहेर पडताना त्या त्याला तेच म्हणाल्या होत्या. हा शब्द आज चालणार नव्हता.

"जा," त्या म्हणाल्या. "मला करमत होतं, म्हणून दोन दिवस बोलले नाही. पण जा आता."

त्या बाहेर आल्या. सुनेने तोंड फिरवलं होतं, डब्याची झाकणं उगीच पुसत होती. बाई स्टुलावर बसल्या. तास भरला. घर्र. ट्रॉली कलली. मोटर थांबली. दोघी श्वास धरून होत्या. ट्रे हलले नाहीत.

"आई, थांबलं," सून म्हणाली.

"दिसतंय मला."

"चहा टाकू?"

"टाक. साखर बेताची."

चारेक दिवसांनी परत अंडी दिव्यावर धरली. जी गेली ती बाजूला काढली, पण बाकीच्या कोळ्यांना पाय फुटले होते, आणि अंडं हलवलं की आत कोणीतरी रागाने कूस बदलायचं. सून एकेक अंडं उजेडात धरून हसत होती. "आई, हे बघा. हे बघा ना."

बाईंनी पाहिलं. चांगलं म्हणाल्या. मग स्टूल उचलून उबवणीच्या दाराशी गेल्या. मोटर आली, घरघरली, गेली. बाई ऐकत राहिल्या. मागोमाग काहीतरी येईल, जरासं, एका बोटाएवढं तरी.

नाही आलं. जन्मभर त्या माणसाने बाईंचा एक शब्द ऐकला नव्हता. मेला हाच तेवढा ऐकला.